डीप पर्पल: भाचीला एकच संग्रह द्यायचा आहे, कोणता द्यावा?

निळीशाई

नमस्कार मंडळी. माझी भाची पंधरा वर्षांची आहे. सहा महिन्यांपूर्वी तिने गिटार हातात घेतली आणि सगळे पहिल्यांदा जे वाजवतात तेच वाजवायला लागली, डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडच्या ‘स्मोक ऑन द वॉटर’ची रिफ, म्हणजे गाण्यात पुन्हा पुन्हा येणारी छोटी धून. एकाच तारेवर, दिवसातून वीस वेळा. परवा मी तिला विचारलं, मूळ गाणं पूर्ण ऐकलंयस का गं? तर म्हणाली, सुरुवातीचे तीस सेकंद ऐकलेत. ते ऐकून मला राहवेना.

पुढच्या महिन्यात तिचा वाढदिवस आहे. डीप पर्पलच्या निवडक गाण्यांचा एक संग्रह तिला द्यावा असं मनात आहे. फाइल किंवा लिंक नको, हातात धरता येईल अशी वस्तू हवी. तिच्या घरी रेकॉर्ड प्लेअर आहे आणि सीडीही चालते. शोधायला बसलो तर डोकं चक्रावलं. १९८० चा ‘डीपेस्ट पर्पल’ आहे, १९९८ चा तीस वर्षांनिमित्त काढलेला आहे, २००० सालचा वेगळाच, शिवाय चार सीडींचा पेटारा. गाण्यांची नावं बरीचशी तीच, पण लांबी प्रत्येक ठिकाणी निराळी. मी स्वतः कॉलेजात मित्राच्या खोलीवर चार-पाच गाणी ऐकली तेवढीच, त्यामुळे माझा काही उपयोग नाही.

माझे प्रश्न दोन. यातला कोणता घ्यावा? आणि मुळात संग्रह देणं बरोबर आहे का, की ज्यात ‘स्मोक’ आहे तो मूळ अल्बम ‘मशीन हेड’ सरळ द्यावा?

उलटी_बाजू

संग्रह देऊ नका. ‘मेड इन जपान’ हा त्यांच्या मैफलींचा अल्बम द्या आणि मोकळे व्हा.

ऑगस्ट १९७२ मध्ये ओसाका आणि टोकियोला तीन रात्री ध्वनिमुद्रण झालं, दोन रेकॉर्ड्सवर मिळून फक्त सात गाणी. ‘स्मोक’ आहे, ‘हायवे स्टार’ आहे, ‘चाइल्ड इन टाइम’ बारा मिनिटांचं आहे आणि ‘स्पेस ट्रकिन’ने चौथी बाजू पूर्ण भरली आहे. हा बँड मंचावरचा बँड होता. स्टुडिओतली गाणी म्हणजे त्यांचे आराखडे.

दुसरं असं की संग्रहांवर माझा विश्वास नाही. एरोस्मिथ या अमेरिकन रॉक बँडचा १९८० चा संग्रह अमेरिकेत एक कोटीहून जास्त खपला, पण त्यात कित्येक गाणी कापून बसवलेली आहेत. मी लहानपणी तोच ऐकला. पुढे मूळ अल्बम ऐकले तेव्हा कळलं की आपण इतकी वर्षं अर्धवट गाणी पाठ केली होती. भाचीच्या बाबतीत तसं होऊ देऊ नका.

काळीपांढरी

उलटी_बाजू, ‘मेड इन जपान’वर माझाही जीव आहे. तरी जिने तीस सेकंदांपलीकडे ऐकलेलं नाही तिच्यासमोर पहिल्याच दिवशी वीस मिनिटांचं गाणं ठेवू नये असं मला ठामपणे वाटतं. ते सहा महिन्यांनी द्या, तेव्हा ती स्वतः मागेल.

निळीशाई, माझं उत्तर ‘डीपेस्ट पर्पल’, १९८० चा. त्याची कारणं मात्र थोडी सविस्तर सांगावी लागतील.

मी कीबोर्ड वाजवते. हौशी बँड आहे, एकोणीस वर्षं झाली. हा सगळा नाद त्या संग्रहाच्या कॅसेटमुळे लागला. कॅसेट मावसभावाची होती, वरचा कागद हरवलेला. गाण्यांची नावं नाहीत, कोण गातंय नाही, साल नाही, काहीच नाही. बारा गाणी, ‘ब्लॅक नाइट’ने सुरुवात, ‘स्मोक’ने शेवट. वर्षभर मी ती तशीच ऐकली. दोन गाण्यांत गायक आवाज जरा भारदस्त काढतोय असं वाटायचं, पण तो वेगळाच माणूस आहे हे कधी मनातही आलं नाही.

पुढे कळलं ते असं. बारापैकी दहा गाणी इयान गिलनच्या काळातली. ‘बर्न’ आणि ‘स्टॉर्मब्रिंगर’ ही दोन १९७४ ची, तिथे गातो डेव्हिड कव्हरडेल. १९७३ मध्ये बँडने त्याला घेतलं तेव्हा तो इंग्लंडमधल्या रेडकारला कपड्यांच्या दुकानात कामाला होता, त्याचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. त्याच वेळी बेस गिटारवर रॉजर ग्लोव्हरच्या जागी ग्लेन ह्यूज आला. म्हणजे पाचातले दोन बदलले, त्यातही एक तोंडचा आवाज. तरी माझ्या कानाला सांधा जाणवला नव्हता. का, याचा विचार मी बरीच वर्षं केला आहे.

याचं कारण जॉन लॉर्ड आणि इयान पेस. १९६८ ते १९७६ या पहिल्या डावात गायक तीन झाले, बेसवाले तीन झाले, शेवटी शेवटी गिटारवाला रिची ब्लॅकमोरही सोडून गेला. ऑर्गन आणि ड्रम्स मात्र पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत याच दोघांकडे. सगळे याला गिटारचा बँड म्हणतात आणि तुमची भाचीही गिटारच्याच दारातून आत येणार आहे. येऊ दे. पण हा संग्रह एका दमात ऐकला की खालचं जोतं कुणाचं आहे ते कळतं, आणि ते एका अल्बममधून कळत नाही. ‘मशीन हेड’मध्ये पाचही जण तेच, त्यामुळे तुलनेला काही उरत नाही.

ऑर्गनबद्दल थोडं बोलू द्या, माझं तेच वेड आहे. हॅमंड ऑर्गन बहुतेक वेळा लेस्ली नावाच्या स्पीकरमधून वाजवतात. त्यात भोंगा गोल फिरतो, म्हणून आवाज लाटेसारखा येतो-जातो, देवळातल्या किंवा चर्चमधल्या गाण्यासारखा मऊ वाटतो. लॉर्डने तोच ऑर्गन गिटारवाल्यांच्या मार्शल अँप्लिफायरला जोडला. आवाज फाटला, त्याला खरखर आली, आणि तो ब्लॅकमोरच्या गिटारच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला. ‘स्मोक’मध्ये सुरुवातीला गिटार एकटी वाजते. मग हाय-हॅट (ड्रम्सच्या संचातली झांजांची जोडी) सुरू होते आणि तिच्याबरोबर ऑर्गन तीच रिफ धरून आत येतो. मग बाकीचे ड्रम्स, मग बेस, मग गिलन. त्या ऑर्गनच्या जागेवर मी कॅसेट इतक्या वेळा मागे नेली की तिथली टेप ताणली गेली. पुढे पुढे तेवढा एकच भाग किंचित बसका ऐकू यायचा, चढत्या जिन्यावरची एक पायरी खचावी तसा. आजही सीडीवर ते गाणं लावलं की त्या ठिकाणी माझा कान स्वर उतरण्याची वाट बघतो. लोक ज्याला गिटारचा जाड आवाज म्हणतात त्यात अर्धा वाटा ऑर्गनचा आहे. हे एकदा ऐकू आलं की पुन्हा न ऐकल्यासारखं करता येत नाही.

‘फायरबॉल’मध्ये तर गिटारचा सोलो, म्हणजे तिचा एकटीचा तुकडा, नाहीच, बेसला थोडी जागा आहे आणि मग ऑर्गन. ‘हायवे स्टार’मध्ये आधी ऑर्गनचा सोलो, नंतर गिटारचा. ‘बर्न’मध्ये उलट, गिटार आधी. ‘चाइल्ड इन टाइम’ची सुरुवात नुसत्या ऑर्गनवर, अगदी हलकी. ती धून त्यांनी ‘इट्स अ ब्यूटिफुल डे’ या अमेरिकन बँडच्या १९६९ च्या रचनेवरून उचलली, आणि त्या रचनेचं नाव चक्क ‘बॉम्बे कॉलिंग’. पुढच्याच वर्षी त्या बँडने डीप पर्पलच्या एका जुन्या रचनेवरून स्वतःचा तुकडा बांधला, म्हणजे देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी झाली.

आता संग्रहाच्या बाजूने माझा सगळ्यात मोठा मुद्दा. ‘ब्लॅक नाइट’ कुठल्याही मूळ अल्बमवर नव्हतंच. १९७० मध्ये ‘इन रॉक’ अल्बमचं काम झालं, कंपनीला सिंगल (एका गाण्यासाठी काढलेली सुटी रेकॉर्ड) हवं होतं, म्हणून ते वेगळं केलं आणि ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर गेलं. ‘स्ट्रेंज काइंड ऑफ वूमन’ १९७१ चं सिंगल, ब्रिटनमधल्या ‘फायरबॉल’ अल्बमवर नाही. अमेरिकेतल्या प्रतीवर ते आहे, पण तिथे त्याच्यासाठी ‘डीमन्स आय’ काढून टाकलं. ‘डीपेस्ट पर्पल’वर ही तिन्ही गाणी एकत्र मिळतात. जो म्हणतो संग्रह हा आळशांचा मार्ग, त्याने त्या काळचे अल्बम नुसते अल्बम म्हणून घेतले तर ही गाणी त्याच्या हातातून निसटतील.

हा संग्रह आला तेव्हा बँड अस्तित्वातच नव्हता, हेही मला फार महत्त्वाचं वाटतं. ब्लॅकमोर आणि ग्लोव्हर रेनबोमध्ये, कव्हरडेल, लॉर्ड, पेस व्हाइटस्नेकमध्ये, गिलनचा स्वतःचा वेगळा बँड. तीन दिशांना तोंडं. आणि चार वर्षांपूर्वी मोडलेल्या बँडचा हा संग्रह ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला.

उणिवाही सांगते. ‘लेझी’ नाही, त्याचं मला आजही वाईट वाटतं, कारण त्याच्या सुरुवातीला लॉर्ड जे करतो ते प्रत्येक कीबोर्डवाल्याने ऐकलंच पाहिजे. १९६८ चं ‘हश’ नाही, म्हणजे पहिला गायक रॉड इव्हान्स पूर्ण गायब. ‘व्हेन अ ब्लाइंड मॅन क्राइज’ नाही, ते एका सिंगलच्या मागच्या बाजूला पडून राहिलेलं गाणं. आणि अर्थात १९८४ ला ते पुन्हा एकत्र आल्यानंतरचं काहीच नाही, त्यामुळे ‘परफेक्ट स्ट्रेंजर्स’ वेगळं ऐकवावं लागेल.

डावा_हात

काळीपांढरी यांना अनुमोदन. पेसबद्दल कुणी बोललं की मला बरं वाटतं. १९६८ पासून आजपर्यंत प्रत्येक फळीत असलेला तो एकटाच, २०२४ च्या अल्बमवरही तोच आहे. तो मूळचा डावखुरा, सगळा ड्रम्सचा संच उलटा मांडतो. मीही डावखुरा, त्यामुळे त्याला पहिल्यांदा वाजवताना बघितलं तेव्हा माझ्या हातांना पहिल्यांदा वाटलं की आपण चुकीचे नाही. ‘फायरबॉल’ला त्याने दोन बेस ड्रम वापरले, एरवी तो एकावरच भागवतो.

घेताना एवढंच बघा की ‘रीमिक्स’ (जुन्याच ध्वनिमुद्रणातले आवाज नव्याने जुळवलेलं) लिहिलेलं नको. ग्लोव्हरने १९९७ मध्ये ‘मशीन हेड’ नव्याने मिक्स केला, तो मला आवडतो, पण पहिल्या ऐकण्यासाठी नाही. २०२४ मध्ये ड्वीझिल झापाने केलेलं मिक्सही आलं. ज्याच्या कार्यक्रमात माँत्रोचा कसिनो जळाला, ज्या आगीवरून ‘स्मोक’ सुचलं, त्या संगीतकार फ्रँक झापाचा हा मुलगा.

निळीशाई

सगळ्यांचे आभार. काळीपांढरी, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला आणि रात्री ‘स्मोक’ लावून तो ऑर्गन शोधला. सापडला! इतकी वर्षं कानावरून गेला होता.

दोन शंका. एक, प्रत योग्य आहे हे दुकानात उभ्या उभ्या कसं ओळखायचं? दोन, भाची एका तारेवर वाजवते ते चालेल का? मला त्यातलं कळत नाही, पण मूळ गाण्यात काहीतरी जास्त भरीव ऐकू येतं.

काळीपांढरी

आधी पहिली शंका. यात मी स्वतः फसले आहे. एकदा एक सुबक संग्रह घेतला, नावं सगळी ओळखीची. घरी लावला तर एकेक गाणं कुठल्याशा नंतरच्या मैफलीतलं निघालं. आवाज लांबून आल्यासारखा आणि ‘चाइल्ड इन टाइम’च्या त्या वर जाणाऱ्या जागा अगदी थकलेल्या. कव्हरवर त्याबद्दल एक अक्षर नव्हतं. त्या गाण्यात गिलनच्या गळ्याची किती परीक्षा आहे हे त्या दिवशी समजलं. पुढे त्याने ते मंचावर म्हणणं सोडलं, त्याचं मला नवल वाटलं नाही.

तेव्हापासून मी गाण्यांच्या वेळा बघते. ‘स्मोक’ साडेपाच मिनिटांच्या थोडं वर हवं. चारच्या आत असेल तर ते कापलेलं. ‘हायवे स्टार’ आणि ‘बर्न’ सहा मिनिटांच्या आसपास. ‘चाइल्ड इन टाइम’ स्टुडिओचं दहा मिनिटांच्या किंचित वर. या चार वेळा जुळल्या तर निर्धास्त घ्या. वेळा छापलेल्याच नसतील तर ठेवून द्या.

आता रिफ. एका तारेवर वाजवलं तर स्वर बरोबर येतात, पण वजन येत नाही. तुम्हाला भरीव वाटतं ते यामुळे. ब्लॅकमोर दोन तारा एकदम वाजवतो, मधल्या दोन, डी आणि जी. दोन्हींवर बोट एकाच पट्टीत (गिटारच्या दांडीवरच्या कप्प्यात) आडवं. आधी दोन्ही मोकळ्या, मग तिसरी पट्टी, मग पाचवी. पुन्हा मोकळ्या, तिसरी, पटकन सहावी आणि पाचवी. पुन्हा मोकळ्या, तिसरी, पाचवी, परत तिसरी आणि मोकळ्या. आणि प्लेक्ट्रम (तारा छेडायचा तो छोटा तुकडा) बाजूला ठेवायचं! अंगठा एका तारेखाली, तर्जनी दुसरीखाली, दोन्ही चिमटीने एकाच क्षणी ओढायच्या. प्लेक्ट्रमने एक तार आधी वाजते, दुसरी केसभर नंतर. चिमटीने दोन्ही एकदम सुटतात आणि आवाजाला ती ठोस कड येते. तिला सांगा, आधी अगदी हळू. दोन स्वर एकच स्वर असल्यासारखे ऐकू यायला लागले की मग वेग.

या गाण्यामागची हकिकत तिला तुम्हीच सांगा, कव्हर वाचून कळण्यातली ती नाही. डिसेंबर १९७१, स्वित्झर्लंडमधलं माँत्रो. ज्या कसिनोत हे ध्वनिमुद्रण करणार होते तो झापाच्या कार्यक्रमात प्रेक्षकातल्या कुणीतरी सोडलेल्या फ्लेअरने (इशाऱ्याच्या जळत्या बाराने) पेटला आणि धूर जिनिव्हा सरोवरावर पसरला. मग दुसरी जागा शोधली, तिथे शेजाऱ्यांनी आवाजाची तक्रार केली, पोलीस आले. त्या गडबडीत या रिफचं वादन तेवढं उरकलं होतं. शेवटी हिवाळ्यात बंद असलेल्या ग्रँड हॉटेलच्या बोळात आवाज दाबायला गाद्या लावून बसले. बाहेर रोलिंग स्टोन्सचा ध्वनिमुद्रणाचा ट्रक. बोळातून ट्रकपर्यंत जायचं तर खोल्या, बाल्कन्या ओलांडून इतका वळसा की वाजवलेलं परत ऐकायला जाणंच त्यांनी सोडून दिलं. वाजवणाऱ्यांना हे ऐकून अंगावर काटा येईल. आपण एक तुकडा वाजवला की दहा वेळा ऐकतो, दुरुस्त करतो. त्यांनी आपसांत बघून ठरवलं, झालं ते बरोबर झालं.

आणि कंपनीला वाटलं होतं या अल्बममधलं सिंगल म्हणून ‘नेव्हर बिफोर’ चालेल. ‘स्मोक’ अमेरिकेत सिंगल म्हणून आलं १९७३ मध्ये आणि चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं.

उलटी_बाजू

‘ब्लॅक नाइट’ आणि ‘डीमन्स आय’चा मुद्दा मला मान्य. तेवढ्यापुरता मी माघार घेतो. ‘मेड इन जपान’ पुढच्या वाढदिवसाला तरी द्याच.

१९८० वरून आठवलं म्हणून सांगतो. त्याच वर्षी अमेरिकेत रॉड इव्हान्सला पुढे करून काही लोक डीप पर्पल या नावाने कार्यक्रम करत फिरले. खऱ्या बँडच्या बाजूने खटला झाला आणि इव्हान्स हरला, जुन्या गाण्यांच्या मानधनाला कायमचा मुकला. ‘हश’ मला फार आवडतं, म्हणून ही गोष्ट मला लागते. अमेरिकेत चौथ्या क्रमांकावर गेलेलं त्यांचं पहिलं गाजलेलं गाणं त्याच्या आवाजात आहे.

निळीशाई

पाच आठवड्यांनी परत आलो आहे. ‘डीपेस्ट पर्पल’ची रेकॉर्ड दिली, वेळा तपासून.

पहिल्या दिवशी तिने सुई थेट ‘स्मोक’वर ठेवली, ते अपेक्षितच होतं. चिमटीचं सांगितलं तर म्हणाली, मामा, तुला कसं माहीत? तुमचं नाव सांगितलं. आता दोन तारांवर वाजवते. पहिले चार दिवस तर्जनीचं टोक लाल झालं होतं.

काल संध्याकाळी ती दुसरी बाजू सुरुवातीपासून ऐकत बसली होती, मी पेपर वाचत होतो. ‘बर्न’ लागलं. मी तिला गायक बदलल्याचं मुद्दाम सांगितलं नव्हतं, तुमच्यासारखं तिलाही वर्षभर कळू नये असं वाटत होतं. अर्ध्यावर तिने सुई उचलली, परत मागे ठेवली, ऐकलं, आणि मला विचारलं, “मामा, इथे दोघं गातायत ना?” मला उत्तर देता आलं नाही. मी म्हटलं, बहुतेक एकच आहे, नवीन आला होता तो. ती म्हणाली, नाही, दोन आहेत. काळीपांढरी, कोण बरोबर?

काळीपांढरी

ती बरोबर! दोघंच गातात. जाड आवाज कव्हरडेलचा. वरचा, धारदार, तो बेस वाजवणारा ग्लेन ह्यूज. मला हे कळायला वर्षं लागली. तिला म्हणावं, आता तिसऱ्यांदा लाव आणि फक्त वरचा आवाज धरून ठेव, मधल्या भागात तो एकटा पुढे येतो. तिथून थोडं पुढे गेलं की ऑर्गन सुरू होतो. तिथे सुई उचलू नकोस म्हणावं.